सारंगखेड्याच्या बाजारात घोडा पारखताना
नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेनिमित्त भरणाऱ्या सारंगखेड्याच्या बाजारात मारवाडी आणि काठेवाडी घोडे पाहताना माझे लक्ष आधी दातांकडे जाते, कारण पुढचे सर्व दुधाचे दात पडून कायमचे येण्यास साधारण 5 वर्षे लागतात आणि विक्रेत्याने सांगितलेले वय तेथेच पडताळता येते. गिऱ्हाईक मात्र बहुधा रंग, अंगावरचे केसांचे भोवरे आणि रेवाल चाल (स्वाराला धक्के न देणारी सफाईदार चाल) पाहून किंमत लावतात. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेला, किंवा कंठावर देवमण नावाचा भोवरा असलेला घोडा शुभ मानला जातो. नाचणाऱ्या घोड्याभोवती गर्दी जमते, तरी सौदा ठरवण्यापूर्वी त्याला कठीण जमिनीवर, लगाम सैल सोडून, दुडकीने चालवून पाहावेच, कारण लपलेला लंगडेपणा तेव्हा उघड होतो.