तळ कळला, पण लुअर किती खोल?

धडगावहून भुषाला उतरलं की समोर नर्मदा पसरलेली दिसते, पण वाहताना दिसत नाही. हे सरदार सरोवराचं फुगलेलं पाणी. पूर्ण भरलं की पातळी १३८.६८ मीटर, आणि उन्हाळ्यात बरीच खाली. त्यामुळे दिवाळीत पाठ केलेली खोली मेमध्ये कामाची राहत नाही. मला ट्रोलिंग करून, म्हणजे चालत्या होडीमागे लुअर (गळ लावलेलं नकली भक्ष्य) ओढत, शिवडा मासा धरायचा होता, म्हणून फिश फाइंडर (आवाजाने पाण्याखालचा तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) घेतला.

त्याचा ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाज सोडून परतलेला आवाज टिपणारा भाग) होडीच्या पंख्याजवळ ठेवला तर फेसामुळे स्क्रीनवर नुसते ठिपके उठतात. तो बांबूला बांधून होडीच्या कडेला सोडला, पाण्यात वीतभर. मग पडताळणी. दोरीला मीटर-मीटरवर गाठी मारून शिशाचा गोळा ट्रान्सड्यूसरखालीच सोडला. स्क्रीनवर त्याची तिरपी रेघ खाली उतरत गेली. वीतभराचा फरक धरला, तर गाठी आणि आकडा जुळले.

होडीवाले दादा म्हणाले, "आकडा बरोबर आहे भाऊ, पण खाली झाडं उभी आहेत, ती दाखवतं का?"

दाखवतं. तळातून उभे सुळके निघालेले दिसले, की तिथे लुअर अडकणार हे नक्की.

खरी गोम उतारावर आहे. २०० किलोहर्ट्झला माझ्या ट्रान्सड्यूसरच्या आवाजाचा शंकू साधारण २० अंशांचा, म्हणजे १५ मीटरवर पाच मीटरचं वर्तुळ. सातपुड्याचा कडा सरळ पाण्यात घुसतो तिथे या वर्तुळाची एक कड उथळ, दुसरी खोल. आवाज सगळ्यात आधी जवळच्या कडेवरून परततो आणि यंत्र तोच तळ धरतं. म्हणजे खरा तळ दाखवल्यापेक्षा खोल, आणि त्याला चिकटून बसलेला शिवडा तळाच्या जाड पट्ट्यातच हरवतो. तिथे स्क्रीन रिकामी दिसली म्हणून मी जागा सोडत नाही.

आणि हे सगळं होडीखालचं. लुअर असतो ४० मीटर मागे. ताशी ४ किलोमीटर वेगाला तो त्याच जागी ३५-३६ सेकंदांनी पोचतो, म्हणून उंचवटा दिसला की मी मनात आकडे मोजायला लागतो. लुअर किती खोल चाललाय हे स्क्रीन सांगत नाही. त्यासाठी झाडं नसलेला, हळूहळू उथळ होणारा पट्टा निवडला. होडी एकाच वेगाने उथळाकडे नेली. रॉडचं टोक टकटक हललं, तेव्हा लुअर तळाला घासत होता. लुअरखालच्या तळाचा आकडा म्हणजे स्क्रीनवर मागे सरकलेल्या तळाच्या रेघेवर ३५ सेकंदांपूर्वीचा: सहा मीटर. मग दोरा कमी-जास्त करून प्रत्येक लांबीची खोली वहीत लिहून ठेवली.

शिवडा बारा मीटरवर दिसला तर हा लुअर पुरत नाही, पुढे शिसं लावावं लागतं. तेही माशाच्या थोडं वरूनच न्यायचं. वळताना मात्र जपून: आतल्या बाजूचा लुअर मंदावतो आणि शिसं असलं तर झपकन खाली बसतो, थेट सागाच्या फांद्यांत.