अर्थ पाय आधी

जानेवारीतली रात्र. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये ट्रक घेऊन, लॅरमी सोडून इंटरस्टेट ८० या महामार्गावरून रॉलिन्सकडे चाललो होतो. एल्क माउंटनजवळ वारा जमिनीवरचा बर्फ उचलून रस्त्यावर आडवा फेकतो, बोनेटच्या पुढचं दिसत नाही. समोरचे ट्रक एकाएकी हळू झाले, कडेला घ्यायला लागले. पुढे ट्रेलर आडवा पडलाय हे त्यांना सीबीवर, म्हणजे ट्रकवाल्यांच्या आपसात बोलायच्या रेडिओवर, कळलं होतं. माझाही सीबी चालू होता, ट्रकवाले बोलतात त्या चॅनल १९ वरच, पण त्यातून नुसती खरखर येत होती. भरलेली गाडी ३६ टनांची. थांबली, पण पाय कितीतरी वेळ थरथरत होते.

नागपूरचे मित्र विचारतात, हातात मोबाइल असताना हा रेडिओ कशाला? अरे, मोबाइलवर ओळखीचा माणूस बोलतो. दोन मैल पुढचा अनोळखी ड्रायव्हर सीबीवरच बोलतो. आपल्याकडे अमरावती रोडवर समोरचा डिपर मारून सावध करतो, तीच माया. आपले ड्रायव्हर कमी पडतात असं मी कुणाला म्हणू देणार नाही. फक्त डिपर दिसायला समोरासमोर यावं लागतं. आपल्याकडेही सीबीची ही २७ मेगाहर्ट्झची पट्टी २००५ पासून विनापरवाना खुली आहे, पण नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाइनीत मी एकाही केबिनमध्ये सीबी पाहिला नाही.

माझ्या रेडिओचं दुखणं दोन महिने जुनं होतं. एका दुकानात दाखवला, त्यांनी नवीन रेडिओ विकला. तरी तेच. मग म्हणाले, पॉवर वाढवणारा डबा लावा. इथे कायद्याने सीबीवर एएम या नेहमीच्या पद्धतीने बोलताना ४ वॅटच्या वर जाता येत नाही, म्हणून मी तो घेतला नाही. बाबांना फोन केला. त्यांचा जन्म वाडीत ट्रकची वायरिंग करण्यात गेला. ते म्हणाले, "रेडिओ कायले बदलवून राहिला? अर्थ पाय आधी." म्हणजे आधी अर्थिंग बघ, गाडीच्या लोखंडाशी जोडणी आहे का ते. मी म्हटलं, बाबा, हे लाइटचं काम नाही. रेडिओचा दिवा लागतोय, म्हणजे अर्थ आहेच.

त्या रात्री रॉलिन्सच्या ट्रक स्टॉपवर टेक्सासचा एक साठीतला ड्रायव्हर भेटला. इथे सलग १० तासांची विश्रांती सक्तीची असते. त्यातले दोन तास त्याने माझ्या गाडीला दिले, त्या थंडीत.

आधी त्याने गाडी इतर ट्रकपासून लांब, मोकळ्यावर घ्यायला लावली. शेजारी लोखंड असलं की मोजमाप बिघडतं. दारं बंद. रेडिओ आणि अँटेनाच्या मध्ये त्याने स्वतःचा एसडब्ल्यूआर मीटर जोडला. आपण पाठवलेली ताकद अँटेना बाहेर फेकते की रेडिओकडेच परतवते, ते या मीटरवर कळतं. १.५ पर्यंत उत्तम, ३ च्या वर गेलं तर रेडिओचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. म्हणून माइकचं बटण त्याने क्षणभरच दाबलं. पहिल्या चॅनलवर, १ वर, काटा ३ च्या पार, १९ वर तेच, शेवटच्या ४० वरही तेच.

नुसत्या १ वर जास्त असतं तर अँटेना आखूड, ४० वर जास्त असतं तर लांब, असं तो सांगत होता. सगळीकडे लाल म्हणजे लांबीचा प्रश्नच नाही. केबल तरी तुटली, शॉर्ट तरी झाली, नाहीतर अर्थ नाही. मल्टिमीटरने केबल तपासली, ठीक निघाली. मग एक टोक आरशाच्या ब्रॅकेटला, दुसरं चेसिसला लावलं. जोडणीच नव्हती! अँटेना आरशाच्या ब्रॅकेटवर, ब्रॅकेट दारावर, मध्ये रंगाचा जाड थर, आणि दाराच्या बिजागऱ्या गंजलेल्या.

मी बाबांना दिलेलं उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं, हे मला लिहायचंच आहे. रेडिओला बॅटरीचा अर्थ मिळतच होता. पण अँटेनाचा अर्थ वेगळा. या लहरीची लांबी ११ मीटर, तिचा पाव भाग पावणेतीन मीटर. ४ फुटी दांडीत तार गुंडाळून ती लांबी भरून काढलेली असते, आणि अँटेनाचं उरलेलं अर्धं अंग म्हणजे ट्रकचं लोखंड. तेच माझ्या गाडीत तुटलेलं होतं. दोन महिने मी अर्ध्या अँटेनावर बोलत होतो.

त्याने ब्रॅकेटखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकाकता पत्रा काढला, दातेरी वॉशर घातला, आणि ब्रॅकेटपासून केबिनच्या फ्रेमपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी कसली. पुन्हा मोजलं: १ वर १.६, ४० वर २.१. आता प्रश्न लांबीचाच राहिला. अँटेनाच्या टोकाचा स्क्रू थोडा खाली घेऊन ती आखूड केल्यावर दोन्हीकडे दीडच्या आत. पैसे देऊ केले, घेतले नाहीत. पट्टीचेसुद्धा.

सकाळी निघालो तर केबिनभर आवाज. कुठे बर्फ साफ झालाय, कुठे पूल निसरडा आहे, सगळं ऐकू येत होतं. मी विचारलं, ऐकू येतंय का, तर तीन मैल पुढून उत्तर आलं.

बाबांना वॉशरचा फोटो पाठवला. नागपुरात तेव्हा रात्र होती, तरी लगेच फोन आला. "रंग पुरा खरवडला ना? मांगच्या बाजूनं बी?" मी गाडी पुढच्या थांब्यावर लावली आणि टॉर्च घेऊन मागची बाजू बघून आलो.