मर्ल ओबेरॉनची बाजू, तुम्ही विचारलेत म्हणून

जुन्या हॉलिवूडवर व्याख्यान दिले की शेवटी एक हात वर होतोच. 2023 साली मलेशियन अभिनेत्री मिशेल योला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले आणि तिच्याआधी या गटात नामांकन मिळालेल्या आशियाई वंशाच्या, 1930च्या दशकातल्या नटी मर्ल ओबेरॉनची वर्तमानपत्रांना आठवण झाली, तेव्हापासून तर हा प्रश्न चुकतच नाही: मुंबईत जन्मून आयुष्यभर ‘मी टास्मानियाची’, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या बेटावरची, असे सांगत राहिलेल्या या बाईच्या कारकिर्दीची पुढे जी उतरण झाली, ती तिच्या खोटेपणाची शिक्षाच नव्हती का? प्रश्नाचा सूर ‘करावे तसे भरावे’ असा असतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे समाधानही असते. त्या समाधानाची मला आता चीड येऊ लागली आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

1911 साली मुंबईत एका अँग्लो-इंडियन घरात जन्मलेली आणि कलकत्त्यात मिश्र वंशावरून टोमणे ऐकत शाळा सोडलेली ही मुलगी खरे बोलली असती, तर तिच्या वाट्याला काय आले असते, याचा विचार प्रश्न विचारणारे करीत नाहीत. अमेरिकेच्या 1917च्या कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्यांना बंदी घातली होती आणि 1923 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद खटल्यात भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला होता. पडद्यावरचे नियम याहून सैल नव्हते. चिनी वंशाची नटी ॲना मे वाँग हिला ‘द गुड अर्थ’मधली चिनी शेतकरणीची भूमिका मिळाली नाही, ती गोऱ्या लुइझ रेनरला मिळाली आणि त्या भूमिकेसाठी रेनरला ऑस्करही मिळाले. त्याच काळात मर्ल ‘द डार्क एंजल’साठी नामांकन मिळवून ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये कॅथी झाली. टास्मानिया दूर होते, ब्रिटिश होते, आणि जन्माचे कागद आगीत जळाले असे सांगितले की पुढे चौकशी करायला तिथवर जाणार कोण? तिच्यासाठी ही कहाणी म्हणजे कामावर जाण्याचा परवाना होता.

उतरणीची कारणे याहून वेगळी आणि बरीच रुक्ष आहेत. 1940च्या सुमारास सौंदर्यप्रसाधनांची विषबाधा आणि सल्फा औषधांची ॲलर्जी यांमुळे तिची कातडी बिघडली. न्यूयॉर्कच्या तज्ज्ञाने चेहऱ्याची त्वचा अनेकदा घासून काढली, तरी खड्डे राहिलेच. ‘द लॉजर’च्या चित्रीकरणात छायालेखक ल्यूसिअन बॅलर्ड याने कॅमेऱ्याला अगदी लगटून एक दिवा बसवला, ज्याचा प्रकाश चेहऱ्यावर समोरून सरळ पडतो. बाजूने प्रकाश आला की प्रत्येक खड्ड्याची सावली दिसते. समोरून आला की ती दिसतच नाही. तिच्या नावावरून त्या दिव्याला ‘ओबी’ म्हणतात. पुढे बॅलर्डशी तिने लग्नही केले. पण त्या दिव्याच्या टप्प्यातच उभे राहावे लागणारी नायिका, तिशी ओलांडलेली, आणि दरवर्षी नवे चेहरे आणणारा धंदा, एवढे सांगितले की उतरणीचा मोठा भाग उलगडतो. 1973 साली तिने ‘इंटरव्हल’ हा चित्रपट स्वतः निर्माण केला, वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यात स्वतःपेक्षा बऱ्याच लहान नायकाची प्रेयसी झाली, आणि तो पडला. त्यात मुंबईचा काय संबंध?

संबंध दिसतो तो 1978 साली, टास्मानियाची राजधानी हॉबर्टमध्ये. तिथल्या लॉर्ड मेयरनी आपल्या भूमीच्या या कन्येसाठी स्वागत समारंभ ठेवला होता. चाळीसहून अधिक वर्षे टास्मानियाने तिला आपली मानले होते. सेंट हेलेन्स गावच्या हॉटेलात काम करणाऱ्या एका चिनी वंशाच्या बाईची ती मुलगी, अशी तिथली लोककथा होती आणि ती लोक मनापासून सांगत. म्हणजे स्टुडिओच्या प्रसिद्धीखात्याने रचलेल्या थापेभोवती एका अख्ख्या बेटाने आपल्या पदरची माया गुंडाळली होती. समारंभाला जाताना तिने मोटारीच्या चालकाला तिसरीच हकिकत सांगितली, असे म्हणतात: लहानपणी वडिलांबरोबर बोटीने जात असताना ते आजारी पडले आणि म्हणून हॉबर्टला उतरावे लागले. समारंभात पोहोचल्यावर मात्र, आपला जन्म टास्मानियातला नाही, असे ती म्हणाली. मग बरे वाटत नसल्याचे सांगून निघून गेली आणि पुढच्या प्रश्नांसाठी कोणाला भेटली नाही. तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ती वारली.

मी पूर्वी या प्रसंगाकडे तिचे धैर्य म्हणून पाहत असे आणि तसे व्याख्यानांतून सांगतही असे. आज मी स्वतःलाच विचारते की, धैर्य होते तर ते अर्ध्यावर का थांबले? टास्मानिया नाही, हे तिने सांगितले. मुंबई, हे नाही सांगितले. 1946 साली अमेरिकेने भारतीयांसाठी वर्षाला शंभर जणांची का होईना, पण वाट उघडली होती, म्हणजे कायद्याची भीतीही जुनी झाली होती. तरीही 1949 साली, तिला वाढवणाऱ्या शार्लटचे चित्र तिने एका जुन्या छायाचित्रावरून काढून घेतले, तेव्हा चित्रकाराला रंग उजळ करायला सांगितले. शार्लट वारून तोवर बारा वर्षे झाली होती. जिवंतपणी जिची ओळख लंडनमध्ये मोलकरीण म्हणून करून दिली जाई, तिला मृत्यूनंतर गोरी करून दिवाणखान्यात लावायची, याला मी काय म्हणू? माया म्हणावी तर ती खरीच होती, कारण ते चित्र शेवटपर्यंत तिच्या घरी राहिले.

आणि त्याहून अवघड गोष्ट तिच्या भावाची. शार्लट ही प्रत्यक्षात तिची आजी होती. खरी आई कॉन्स्टन्स, जी मर्लच्या जन्मावेळी जेमतेम बारा-चौदा वर्षांची होती. कॉन्स्टन्सच्या पुढच्या संसारातला एक मुलगा स्वतःला मर्लचा भाचा समजत असे. मुंबईच्या सरकारी दप्तरात जन्मदाखला शोधून काढल्यावर तो भाऊ निघाला. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला, तिने भेट नाकारली. इथे मात्र मी तिची बाजू घेत नाही, घेता येत नाही. त्या दारात कोणतेही स्टुडिओ उभे नव्हते आणि कोणताही कायदा आडवा आलेला नव्हता.

तुम्हाला तिला दोष द्यायचाच असेल, तर तो इथे द्या, मीही देईन. ‘इंटरव्हल’ पडला तो यामुळे, असे मात्र मला पुन्हा विचारू नका. त्याच वयाच्या पुरुष नटांना तेव्हा प्रेमाच्या भूमिका मिळत होत्या, आणि त्यांचे जन्मदाखले कोणी मागत नव्हते.