आमची वाटचाल : शिसं सोडताना

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, भाड्याच्या शेडमध्ये आम्ही दोघा भावांनी कार्डं भरायचं, म्हणजे सर्किट बोर्डांवर भाग जोडायचं काम सुरू केलं, तेव्हा सोल्डर (जोडाचा धातू) म्हणजे 63/37. कथील 63, शिसं 37. बरोबर 183 अंशांना वितळायचं आणि जोड चांदीसारखा चकाकायचा. इथे वीज-पॅनेल आणि स्विचगिअरवाले भरपूर, त्यामुळे टायमर, रिले कार्डं यांचं काम मिळत गेलं.

मग एलईडी ड्रायव्हर निर्यात करणारे एक गिऱ्हाईक आले. युरोपात 1 जुलै 2006 पासून अशा मालात 0.1 टक्क्यापेक्षा जास्त शिसं चालत नाही. दादा कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेला. त्याने मिश्रधातूंच्या आलेखांची जुनी वही काढली आणि आमचा खरा अभ्यास सुरू झाला.

सगळे एसएसी 305 सुचवत होते : 3 टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं, बाकी कथील. रिफ्लोच्या पेस्टसाठी, म्हणजे कार्डावर लावून ओव्हनमध्ये वितळवायच्या सोल्डरसाठी, आम्ही तेच घेतलं. 217 ते 220 अंशांत वितळतं, छोट्या एसएमडी भागांवर (कार्डाच्या पृष्ठभागावरच बसणारे भाग) छान बसतं. वेव्हच्या पॉटचा, म्हणजे वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून कार्ड नेतात त्या भांड्याचा, हिशेब मात्र वेगळा. मी म्हटलं, "दादा, शंभर किलोच्या पॉटमध्ये तीन किलो चांदी नुसती वितळवून ठेवायची का?" पॉटमध्ये आम्ही कथील-तांबं घेतलं, त्यात किंचित निकेल. ते 227 अंशांना वितळतं, म्हणून पॉट 260 च्या आसपास ठेवावा लागतो. निकेलमुळे वेव्ह नीट वाहते, पिनांमध्ये ब्रिज, म्हणजे नको तिथे सोल्डरचे जोड, कमी होतात.

शिसं नसलेलं गरम कथील साध्या स्टेनलेसला खातं. म्हणून जुना पॉट रिकामा करून वापरायचा विचारच केला नाही, टायटॅनियमचा नवा घेतला. खर्च जिवावर आला, पण इथे काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे. हेच कथील कार्डावरचं तांबंही विरघळवतं. पॉटमधलं तांबं 0.7 वरून 1 टक्क्याकडे सरकलं की सोल्डर जड वाहू लागतं. त्यामुळे नमुना नियमित लॅबला जातो आणि भर घालताना तांबं नसलेली कांडी टाकतो.

हाताने सोल्डर करणाऱ्या ताईंना नवा जोड पाहून शंका यायची. तो थोडा मंद, दाणेदार दिसतो, जुन्या नजरेला कोल्ड जॉइंटच, म्हणजे नीट न धरलेला जोड वाटतो. चांगले-वाईट नमुने शेजारी ठेवून भिंगाखाली दाखवले, मग नजर बसली. सोल्डरिंगच्या इस्त्रीचे बिट, म्हणजे टोकं, लवकर झिजतात, ते वेगळंच.

जुन्या शिशाच्या कार्डांची दुरुस्ती आम्ही बंद केली नाही. तिचं टेबल, इस्त्री, तार, ब्रश सगळं वेगळं, लाल पट्टी लावलेलं.

कथील-बिस्मथचं 138 अंशांचं सोल्डरही सुचवलं गेलं. उष्णता न सोसणाऱ्या भागांना ते सोयीचं, पण ठिसूळ. त्यात शिसं मिसळलं तर 96 अंशांना वितळणारा भाग तयार होऊ शकतो. दुरुस्तीचं टेबल त्याच शेडमध्ये असताना आम्ही नाही म्हटलं.

आता चांदीचे भाव पाहून 0.3 टक्के चांदीची पेस्ट एका गिऱ्हाइकाच्या संमतीने तपासतोय. ती पूर्ण वितळायला 227 लागतात, म्हणजे ओव्हनचं प्रोफाइल (तापमान कसं चढवायचं-उतरवायचं तो क्रम) पुन्हा बसवायचं. त्यांच्या कंपन चाचणीचा निकाल येईपर्यंत बाकीच्या सगळ्यांना 305 च.