आमची वाटचाल : धा चा ना होऊ नये म्हणून

आमचं काम, म्हणजे तबला-गाण्याचे धडे रेकॉर्ड करणं, सुरू झालं मार्च २०२० मध्ये, आणि ते काही ठरवून नव्हे. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी माडीवर दादा तबला शिकवायचा आणि मी हार्मोनियम आणि गाणं, संध्याकाळी चाळीसेक मुलं यायची, जिन्यात चपलांचा ढीग असायचा. लॉकडाऊन लागला आणि एका दिवसात जिना रिकामा. मग पालकांचे फोन, ताई काहीतरी पाठवा, मुलं घरात बसून कंटाळलीत. वहिनीने पोह्याच्या डब्याला फोन टेकवून उभा केला, दादा समोर बसला आणि तीनतालाचा पहिला धडा शूट झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तो पुढे कुठे कुठे गेला, आणि महिन्याभरात नाशिक, नागपूर, बंगलोरहून विचारणा यायला लागल्या की फी किती.

त्यातच नाशिकच्या एका आईंचा मेसेज आला, ताई याला धा येतच नाही हो. सोबत त्या नऊ वर्षांच्या मुलाचा व्हिडिओ. मुलगा उजव्या हाताने अगदी नीट ना वाजवत होता आणि डावा हात डग्ग्यावर (जोडीतलं डावीकडचं वाद्य) नुसता ठेवलेला. दादा म्हणाला आळस करतोय. पण वहिनीला काहीतरी खटकलं, तिने आमचाच धडा तिच्या फोनवर लावला, इअरफोन न लावता, जसा ती पोरं ऐकत होती तसा, आणि फोन दादाच्या कानाशी धरला. डग्गा नव्हताच त्यात. दादा घे मारतोय हे दिसत होतं, ऐकू काहीही येत नव्हतं.

ज्यांना तबल्याचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धा म्हणजे तबल्यावरचा ना आणि डग्ग्यावरचा घे एकदम. डग्गा गेला की धा चा ना होतो आणि धिं चा तिं होतो. सोळा मात्रांच्या तीनतालात नवव्या मात्रेला ‘खाली’ (टाळी नसलेली जागा), आणि दहावीपासून तेरावीपर्यंत तिं तिं ता, ता, तिथे डग्गा गप्प असतो, चौदाव्या धिं ला परत येतो, ताल कुठे भरलाय आणि कुठे रिकामा हे मुलाच्या कानाला त्यावरूनच कळतं. आमच्या व्हिडिओत सोळाच्या सोळा मात्रा रिकाम्या होत्या. त्या मुलाने जे ऐकलं तेच वाजवलं, चूक त्याची नव्हतीच.

दादा त्या रात्री जेवला नाही नीट. तो शिकला सूरसागरच्या काठच्या कॉलेजात, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये जी गायनशाळा काढली तिचंच हे आजचं रूप. मौलाबक्षांनी त्या काळी स्वतःचं नोटेशन बसवून शिकवायची पुस्तकं केली होती. दादा म्हणाला, कागदावर लिहिलेला धा निदान धा तरी राहतो गं, आपल्या व्हिडिओत तेवढंही नाही. फी परत करूया असंही म्हणाला. पाच जणांची केलीसुद्धा, आणि सगळ्यांना कळवलं की पहिले सहा धडे बघू नका, नवीन येतायत.

मग शोध सुरू झाला की असं होतं का. फोनचा माइक बनलाय बोलण्यासाठी, खालचे आवाज तो कमी घेतो आणि त्याचा बारका स्पीकर तर ते देतच नाही, डग्ग्याचा मूळ आवाज साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथे फोनचा स्पीकर जवळजवळ मुका. त्यावर आणखी एक, फोन आवाजाची पातळी आपली आपणच कमीजास्त करतो. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, जोरात धा पडला की तो आवाज दाबतो, मग दोन मात्रांच्या मधल्या शांततेत हळूच वर चढवतो, त्यामुळे पंख्याची घरघर श्वास घेतल्यासारखी आतबाहेर होते आणि सम जोरात काय, बाकीचं हळू काय, सगळं एकाच उंचीचं. म्हणजे वजन पण गेलं.

पैसे नव्हते. चाळीस मुलांची फी बंद झालेली, आणि ऑनलाइन जे महागडे माइक दिसत होते ते आमच्यासाठी नव्हतेच. तेव्हा नाइलाजाने जे केलं तेच आज मी प्रत्येकाला पहिलं सांगते, माइक घेण्याआधी खोली बघा. आमची माडी म्हणजे खाली लाद्या, चारी बाजूंना चुन्याच्या भिंती, मधोमध उभं राहून टाळी वाजवली की टाळीच्या मागे एक बारीक झणझण शेपूट यायची. घरातल्या सगळ्या गाद्या भिंतीला उभ्या केल्या, आजीच्या गोधड्या दोरीवर टाकल्या, खाली सतरंजीवर सतरंजी, आणि कपड्यांचं उघडं कपाट दादाच्या पाठीमागे. परत टाळी, शेपूट गायब. अंड्यांचे ट्रे चिकटवा असं खूप जण सांगतात, आम्हीही दोन डझन ट्रे लावून बघितले, ऐकण्यासारखा काही फरक नाही, काढून टाकले. जाड आणि जड कापडच काम करतं.

मग भजनी मंडळाचा जुना अहुजाचा माइक मिळाला, साधा डायनॅमिक, आणि एका गाणाऱ्या मित्राकडून वापरलेला दोन माइकचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) पाच हजारात, आणखी एक तसाच सेकंड-हँड माइक, आणि दादाच्या बोलण्यासाठी हजारच्या आतला कॉलर माइक जो थेट फोनमध्ये जातो. सगळं मिळून साडेनऊ हजार झाले, स्टँड धरून. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये, ते फुकट आहे. खरी मेहनत माइक कुठे ठेवायचा यात गेली, तीन दिवस. डग्ग्याच्या अगदी तोंडाशी नेला तर नुसतं ढब्ब ढब्ब, लांब नेला तर खोली ऐकू येते. शेवटी डग्ग्याच्या वर एक वीत, किंचित बाहेरून तिरका, मनगट सरकताना जो घुमारा येतो तो त्या जागी सापडला. तबल्याचा माइक थोडा उंच, हातभर वरून, चाटीकडे (कातड्याच्या कडेकडे) तोंड करून, म्हणजे ना ची धार येते पण टोचत नाही. पातळी अशी ठेवायची की सगळ्यात जोरातला धा मीटरवर उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील (शून्याच्या वर गेला की आवाज फाटतो), एकदा आवाज फाटला की तो कुठलंही सॉफ्टवेअर नीट दुरुस्त करून देत नाही.

फोनवर ऐकणाऱ्यांचा प्रश्न तरी उरलाच. त्याला वहिनीने उपाय काढला, ती बी.कॉम., ऑडिओचं काहीही शिकलेली नाही, सगळं करून करून शिकली. डग्ग्याच्या आवाजातला २०० ते ४०० हर्ट्झचा वरचा भाग तिने थोडा उचलला, मूळ घुमारा फोनवर येत नाही पण त्याची सावली तरी येते आणि कान उरलेलं भरून घेतो. आणि पहिल्या धड्याच्या पहिल्याच मिनिटाला दादा सांगतो, बाळांनो इअरफोन लावा, आता मी आधी ना वाजवतो, मग धा, दोन्हीत फरक ऐकू आला तरच पुढे जायचं.

फोनवरचं चित्र आणि लॅपटॉपवरचा आवाज जुळवायला सुरुवातीला एक टाळी पुरते, पण सलग अर्धा तास रेकॉर्ड केलं की दोघांची घड्याळं एकमेकांपासून सरकतात आणि शेवटी हात आधी पडतो आणि बोल मागून येतो. म्हणून सात-आठ मिनिटांचे तुकडे, प्रत्येकाला टाळी.

हार्मोनियमचं माझं दुखणं वेगळं होतं. पेटी इतकी मोठी वाजते की गळा मागे राहतो, आणि भात्याची फुसफुस, पट्ट्यांची टकटक. माइक भात्याच्या बाजूने कधीच नको, वरून, दीड फुटावर. माझी मोठी चूक झाली ती आवाज साफ करण्यात. पंख्याची घरघर काढायला नॉइज रिडक्शन भरपूर लावलं, आणि घरघरीबरोबर तंबोराही गेला, कारण सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, असंच ते सॉफ्टवेअर समजतं. शिवाय प्रत्येक स्वराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, कापली गेली, सूर तोडून ठेवल्यासारखे. पंधरा धडे परत गायले मी. लाइव्ह क्लासमध्येही हेच होतं, झूममध्ये संगीतासाठी ओरिजिनल साउंडचं सेटिंग आहे, ते दोन्हीकडे चालू केल्याशिवाय मी तंबोरा लावतच नाही.

मग पंखाच बंद. बडोद्याच्या मे महिन्यात बंद खोलीत, गाद्यांच्या मध्ये, पंखा बंद करून गाणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. त्यामुळे आमची वेळ पहाटे पाच ते साडेसहा, रिक्षा नाही, भाजीवाला नाही, कुकर नाही. कोकीळ मात्र असतो, एप्रिल-मेमध्ये, आणि तो पंचमाच्या जवळपास कुठेतरी लावतो. नवरात्राच्या नऊ रात्री आणि उत्तरायणचे (संक्रांतीचे) दोन दिवस रेकॉर्डिंग पूर्ण बंद, तेव्हा वहिनी एडिटिंग संपवते. पावसाळ्यात तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सुरात उतरते, पहिल्या तुकड्यात काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) आणि चौथ्यात त्याच्या खाली, म्हणून प्रत्येक तुकड्याआधी तबला तंबोऱ्यावर परत मिळवायचा, घाई असली तरी.

२०२३ मध्ये आम्ही समा भागात तळमजल्यावर एक खोली भाड्याने घेतली, कारण आता इतर शिक्षकही विचारायला लागले होते, आमचे धडे रेकॉर्ड करून द्याल का. बासरीवाले, कथकच्या एक ताई, एक हवेली संगीत (पुष्टिमार्गी मंदिरांतलं गाणं) गाणारे गुरुजी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला आणि त्या खोलीत मांडीपर्यंत पाणी तीन दिवस राहिलं. माइक, इंटरफेस, हार्ड डिस्क दादाने पहिल्या रात्रीच वर नेल्या होत्या. माझी एक पेटी गेली, लाकूड फुगून पट्ट्या बसल्या त्या बसल्याच, आणि सगळ्या गाद्या गेल्या, गाळाने भरलेल्या, चार माणसं लागली उचलून बाहेर टाकायला. खोली धुऊन झाल्यावर दादा मधोमध उभा राहिला आणि सवयीने टाळी वाजवली. तीच झणझण शेपूट, माडीवरची, चार वर्षांपूर्वीची. आम्ही तिघंही काही बोललो नाही. वहिनी बाहेर जाऊन गादीवाल्याला फोन करायला लागली.

आता गाद्यांऐवजी लाकडी चौकटीत रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज लोकर) भरून वर जाड कापड ताणलंय, सुताराकडून करून घेतलं, भिंतीला खिळ्यावर टांगलेलं, जमिनीपासून चार फूट वर. पाणी आलंच तर उचलून नेता येतं. तीनतालाचा पहिला धडा या खोलीत परत रेकॉर्ड केला, तो आमचा चौथा, आणि तो नाशिकच्या त्या मुलाला सगळ्यात आधी पाठवला. तोवर तेरा-चौदा वर्षांचा झाला होता, कायदे (तबल्यातल्या बांधीव रचना) वाजवत होता. त्याचं उत्तर आलं, काका, इअरफोन न लावता ऐकलं, तेराव्या मात्रेपर्यंत डग्गा थांबतो आणि चौदाव्याला येतो ते कळतंय. दादाने तो मेसेज मला दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता झपतालाला बसला.