तीनपर्यंत कशाला मोजायचं?

मंगळवारी सकाळी आमच्या घरात दोन आवाज एकदमच सुरू होतात. आत मिक्सरवर चटणी आणि बाहेर सोफ्यावर मी. अमेरिकेत सोमवारची रात्र रंगात आलेली असते तेव्हा आपल्याकडं मंगळवार उजाडत असतो. उन्हाळ्यात साडेपाचला, थंडीत तिकडची घड्याळं मागं सरकली की साडेसहाला. कोल्हापुरात गंगावेशीत लोक ताज्या दुधासाठी पेला घेऊन म्हशीजवळ उभे असतात, त्या वेळेला मी फोन उशीला टेकवून 'मंडे नाइट रॉ' हा अमेरिकन कुस्तीचा कार्यक्रम लावून बसलेला असतो. हा कार्यक्रम 1993 च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हा मी चौथीत होतो. आता माझी लेक सातवीत आहे.

"तुमचं अजून संपलं न्हाई व्हय?" बायको आतून विचारते. मी उत्तर देत नाही, कारण पंचाचा हात दोनदा मॅटवर पडलेला असतो आणि तिसऱ्यांदा पडायचा असतो. तो पडत नाही. खाली पाठ टेकून मेल्यासारखा पडलेला गडी ऐन वेळी खांदा उचलतो. तो उचलणार हे मला माहीत असतं. तीस वर्षं माहीत आहे. तरी तोंडून "आयला!" निघतं आणि चहा बशीत सांडतो.

ह्या खेळाला आमच्या घरात विरोध जुना आहे. आण्णा, म्हणजे माझे वडील, विशीत मोतीबाग तालमीत जायचे. मोठे पैलवान झाले नाहीत. जत्रेच्या मैदानात पोरवयात रेवड्यांवर खेळले, मग नारळावर, मग किरकोळ रोख इनामावर, आणि तिथंच थांबले. गुडघा गेला. ते तालमीतून लंगडत घरी आले ते आलेच. लंगोट तिथं खुंटीवरच राहिला होता. महिन्याभरानं आणायला गेले, तर खुंटीवर दुसऱ्याच कुणाचा तरी लटकत होता. हे ते हसत सांगतात. गुडघा गेला तरी नजर मात्र वस्तादाची राहिली.

आमच्या गल्लीत केबल आली त्या वर्षीची गोष्ट. मी शेजारच्या काकांकडं टीव्हीपुढं बसलेलो, आण्णा मला जेवायला बोलवायला आले आणि दारातच उभे राहिले. पडद्यावर एका धिप्पाड गड्यानं दुसऱ्याला पालथा पाडलेला. आण्णांचे डोळे चमकले. "हां, आता जा वर, स्वारी भर, घिस्सा मार, संपीव!" ते पुटपुटले. गड्यानं काय करावं? पालथ्या पडलेल्याला तसाच सोडून तो कोपऱ्यातल्या दोरावर चढला आणि तिथं उभं राहून लोकांना दंड दाखवू लागला.

"ह्यो येडा का काय? मांडवावर कशापायी चढालाय?"

मग वरून उडी, मग धप्प, मग एकदाची पाठ लागली. पंच आडवा होऊन मोजायला लागला. आण्णांना कळेना. "पाठ लागली न्हवं? दोन्ही खांदं टेकलं. झाली कुस्ती. तीनपर्यंत कशाला मोजायचं?" आणि तेवढ्यात खालच्यानं खांदा उचलला, तशी कुस्ती पुढं चालू झाली. आण्णा मला मानेला धरून घरी घेऊन गेले. जेवताना आईला म्हणाले, "तिकडं चितपट झाल्यालं पैलवान उठून परत लढत्यात."

आता विचार केला तर त्या एका वाक्यात दोन्हीकडचा सगळा फरक आला होता. लाल मातीत निकाल एका क्षणात लागतो. तासभर खडाखडी चालेल, हलगीवाला थकेल, पण पाठ लागली की लागली. उचलायला दुसरा खांदा नाही. तिकडं पाठ लागल्यावर गोष्ट सुरू होते. एक, दोन आणि तीनच्या अलीकडची ती फट. सगळं दुकान त्या फटीत मांडलेलं आहे.

शाळेत आमच्यात कुणाच्याच मनात शंका नव्हती. दप्तरात कुस्तीवाल्यांच्या ट्रम्प कार्डांचा रबर लावलेला गठ्ठा असायचा. उंची, वजन, छाती, दंड, किती लढला, किती जिंकला. गणिताचे पाढे अडायचे, पण कुणाचा दंड किती इंच हे झोपेत विचारलं तरी यायचं. अंडरटेकर नावाच्या गड्याला सात जन्म आहेत, त्यातले चार झालेत, ही बातमी बाकाखालून बाकाखालून अख्ख्या वर्गात गेली होती. पुराव्याला 1994 ची समरस्लॅम, म्हणजे तिकडचं उन्हाळी मैदान, होती. तिथं अंडरटेकरविरुद्ध अंडरटेकर अशी लढत झाली, म्हणजे एक मेलेला आणि एक नवा, उघड आहे. धाकट्या भावाला गादीवर उलटा धरून आपटताना खाटेची एक पट्टी मोडली, तो पुरावा मात्र आईच्या हाती लागला.

मग वय वाढलं आणि जो तो येऊन सांगू लागला, "अरे, खोटं असतंय ते सगळं." जणू बँकेचा मोठा घोटाळा उघडकीला आणलाय. सांगणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. अरे बाबा, हा कार्यक्रम करणाऱ्या कंपनीनंच 1989 साली न्यू जर्सीच्या सिनेटपुढं सांगून टाकलंय की हा खेळ नव्हे, ही करमणूक आहे. खेळ म्हटलं की नियंत्रण आणि कर मागं लागतात म्हणून. निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडं त्याला नेमका शब्द आहे, नुरा कुस्ती. कोल्हापुरात नुरा कुस्ती ही शिवी आहे. मैदानात दोघांनी आधीच मिटवून घेतलंय असा नुसता वास आला, तरी लोक बसल्या जागेवरून ओरडायला लागतात. इथं तो शब्द आता जास्त करून निवडणुकीच्या बातम्यांत वाचायला मिळतो, ती गोष्ट वेगळी.

पण निकाल खोटा म्हणजे मारही खोटा, असं नाही. ती रिंग 20 फूट बाय 20 फूट. खाली लोखंडी तुळया, वर फळ्या, त्यावर पातळ फोम आणि कॅनव्हास. आपल्याकडं कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती लोण्यासारखी केलेली असते. फळीत काय घालणार? 1998 साली पिट्सबर्गला मिक फोली 16 फूट उंच जाळीच्या पिंजऱ्यावरून खाली टेबलावर आला, ते टेबल आणि तो माणूस दोन्ही खरे होते. ठरलेलं असतं ते कुणी पडायचं एवढंच. पडणं ज्याचं त्याला.

आणि ह्या सगळ्यात मला एक गोष्ट सापडली, तिच्यावर मी फार खूश आहे. कुणी उंच लाथ मारतो तेव्हा तोंडावर 'फाट्' असा जोरदार आवाज येतो. तो आवाज तोंडाचा नसतो. लाथ मारणारा त्याच क्षणी आपल्याच मांडीवर चापट मारतो. हळू करून बघितलं की हात दिसतो. मी ते आण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, तीनदा बघितलं, आणि एकदम हसायला लागले. "आरं, शड्डू हाय की ह्यो! चोरून मारालाय!"

खरंच. आपला पैलवान मैदानात उतरला की उघड मांडीवर थाप मारतो, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी. ती सांगण्याची थाप, ये म्हणून. तिकडचा तीच थाप लपवून मारतो आणि आवाज दुसऱ्याच्या नावावर लावतो. त्या दिवसापासून आण्णा मंगळवारी चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी बसतात. कुस्ती बघायला नव्हे, शड्डू पकडायला. "मारला! बघ, उजव्या मांडीवर!" लेकीला त्याचा वैताग येतो. तिचं दैवत रिया रिप्ली ही कुस्तीवाली. तिच्या मारात कुणी खोट काढलेली तिला खपत नाही.

त्यांचं सुरू झालेलं बघून मला खासबागेची आठवण होते. शाहू महाराज 1902 ला युरोपात गेले, रोमचं कलोसियम बघून आले आणि 1912 पर्यंत कोल्हापूरला कुस्तीचं मैदान उभं राहिलं. कुठंही बसा, हौदा दिसतो. पुढं 1915 ला त्याला अगदी पाठ लावून पॅलेस थिएटर झालं, आताचं केशवराव भोसले नाट्यगृह. म्हणजे एका बाजूला खरी झुंज आणि एका बाजूला रंग लावून केलेली, मध्ये काय ती भिंत. लहानपणी मला वाटायचं, महाराजांना दोन्हींचा नाद म्हणून जवळजवळ बांधलं असेल. आता मंगळवारचा कार्यक्रम बघताना वाटतं, अमेरिकेतल्या कुणीतरी येऊन ही मधली भिंत पाडली आणि तिकीट एकच केलं.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी आण्णांना गाडीवर बसवून घेऊन गेलो होतो. गर्दीत बरीच माणसं नुसतीच उभी होती, कुणी बोलत नव्हतं. आण्णांनी आयुष्यात तिथं किती नाटकं पाहिली असतील, फार तर पाच. तरी ते पाऊण तास हलले नाहीत. येताना गाडीवर मागून एवढंच म्हणाले, "मैदान चालू आसलं की तिकडच्या टाळ्या आमाला ऐकू याच्या."

आण्णांचे मंगळवारचे मानकरी वेगळेच आहेत. नावं ते घेत नाहीत. रोमन रेन्स हा 'केसाळ'. जॉन सीना 'हाफ चड्डीवाला'. गुंथर नावाचा ऑस्ट्रियाचा एक गडी आहे, तो समोरच्याच्या उघड्या छातीवर पंजानं असे फटके देतो की दोन मिनिटांत कातडी लालभडक होते. तिथं मांडीबिंडी काही नाही. "ह्यो मारालाय बघ खरं," म्हणून आण्णांनी त्याला पहिल्याच दिवशी पास केलं. तो विजेतेपदाचा एक पट्टा 666 दिवस सांभाळून होता असं मी सांगितलं, तर म्हणाले, "पट्ट्याचं ऱ्हाऊ दे, पंजा बघ."

मी मात्र अंडरटेकरवाला. रेसलमेनियात, म्हणजे तिकडच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या मैदानात, लागोपाठ 21 जिंकल्या होत्या त्यानं. 2014 च्या एप्रिलात, एका सोमवारी सकाळी, ब्रॉक लेस्नरनं त्याला पाडला आणि पंचानं खरोखर तीन मोजले. पहिल्यांदाच मला तो तिसरा हात नको होता. ऑफिसला उशिरा गेलो, डबा तसाच परत आणला. आण्णांनी विचारलं, कोण गेलं का? सांगितल्यावर म्हणाले, "एकवीस मारल्या न्हवं? मग एक पडली तर तू का तोंड पाडून बसलायस?"

हे बोलणारे आण्णा 2 मार्च 2025 च्या रविवारी काय झाले, ते सांगतो. त्या सकाळी टोरांटोहून सामने दाखवत होते. सीना वीस वर्षांहून जास्त काळ भला माणूस. पोरांना टोपी देणारा, हरला तर हात मिळवणारा. कोडी ऱ्होड्स नावाच्या गड्याला त्यानं मिठी मारली. रॉक नावाच्या तिसऱ्यानं मागून गळ्यावरून बोट फिरवलं. मिठी सोडता सोडता सीनानं कोडीला जिथं मारू नये तिथं मारलं, आणि मग मारतच सुटला. लेक किंचाळली. मी उभाच राहिलो. आण्णांनी कप खाली ठेवला.

"गळ्यात पडून मारलं?"

"आण्णा, ती गोष्ट आहे. ठरलेलं आहे त्यांचं."

"ठरल्यालं आसंल. गळ्यात पडून मारलं का न्हाई? ह्येला आमच्या तालमीत माती लावू दिली नसती." आणि उठून आत गेले.

मांडीवरची चापट शोधणारा, तीस वर्षं खोटं-खोटं म्हणणारा हा माणूस पुढचे सात मंगळवार बाहेरच्या खोलीत आला नाही. एप्रिलपासून कार्यक्रम टीव्हीवरनं नेटफ्लिक्सवर गेला, त्याचं निमित्त करून म्हणाले, आता बारक्या पडद्यावर दिसत नाही. आठव्या मंगळवारी दाढी करता करता आतूनच आवाज आला, "काय झालं रं त्या चड्डीवाल्याचं?" सतराव्यांदा जगज्जेतेपदाचा पट्टा जिंकला, म्हणून सांगितलं. "जिंकणारच. लुच्चा हाय," एवढं बोलून दाढी पुढं चालू.

पुढं तो परत भला झाला. आण्णांनी माफ केलं की नाही ते कळलं नाही. पण 2025 च्या डिसेंबरात त्याची शेवटची लढत लागली, आणि समोर कोण, तर गुंथर. रविवारी सकाळी साडेसहाला आण्णा स्वेटर घालून आधीच येऊन बसले होते. मी फोन टीव्हीला जोडून दिला. कुणाच्या बाजूनं म्हणून विचारलं तर नुसतं "बघूया" म्हणाले.

गुंथरनं मागून गळा आवळला. सीना सुटला, परत सापडला. शेवटी मान खाली गेली. तो कधी हात टेकत नाही, हे सगळ्या जगाला पाठ. लेक सोफ्यावर गुडघ्यावर उभी राहून "नको, नको" करत होती. सीना किंचित हसला आणि त्यानं हातानं थोपटलं, म्हणजे हार मानली. पाठ लागायची वेळच आली नाही, मोजायची भानगडच नाही. लोक तिकडं चिडून ओरडायला लागले. आमच्याकडं मिक्सरसुद्धा बंद होता.

नंतर रिंगमध्ये तो एकटा राहिला. त्यानं बूट काढले, मनगटावरच्या पट्ट्या काढल्या, मधोमध ठेवल्या आणि मोज्यांवर चालत निघून गेला. कॅमेरा बराच वेळ त्या बुटांवर थांबला. मी डोळे पुसले की नाही ते सांगणार नाही.

आण्णा पडद्याकडंच बघत होते. "बूट तितंच ठिवलं व्हय?"

"हो आण्णा."

त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला, कप माझ्या हातात दिला आणि उठता उठता म्हणाले, "कोणतरी नेतंय बघ आता."