पहिली सही

"मॅडम, सही करायच्या आधी एकदा स्लंप बघून घ्या."

मुकादम मामा अगदी जवळ येऊन, हळू आवाजात म्हणाले. बांधकामाच्या साइटवरचा माझा चौथा दिवस. आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी दारात, ड्रायव्हरने चलन पुढे केलेलं, माझं पेन कागदावर टेकलेलं.

स्लंप म्हणजे ओलं काँक्रीट किती खाली बसतं ते. कोन, म्हणजे मापाचा शंकू, काँक्रीटने भरला, उचलला. 100 मिमी हवा होता, माल 170 मिमी खाली बसला. पाणी जास्त. गाडी परत पाठवली. क्यूबचा, म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्याच्या ताकदीचा, रिपोर्ट 28 दिवसांनी आला असता, तोवर वरचा स्लॅबही ओतून झाला असता!

पण मनातून जात नाही तो त्यांचा हळू आवाज. सगळ्यांदेखत सांगता आलं असतं की त्यांना.

संध्याकाळी चहाला आभार मानले, तर म्हणाले, "उद्यापासून तुम्हीच कोन मागा."

तुम्हाला नव्या नोकरीत असं हळूच कोणी सांगितलं होतं?